लावण्याआधी

हे मनन डोंगराच्या कामात असलेल्यांसाठी आहे. तुम्ही वनरक्षक असाल, गावच्या वन समितीत असाल, पावसाळ्यात रोपं घेऊन डोंगर चढणाऱ्या संस्थेत असाल, किंवा उजाड उतार पाहून ज्यांचा जीव तुटतो त्यांच्यापैकी असाल. सावकाश वाचा. टप्प्याटप्प्यावर थांबा. जमलं तर जुन्नर किंवा आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात एखाद्या पठारावर बसून वाचा. नाही जमलं, तर डोळे मिटून तिथे जा.

भाद्रपद आहे. दुर्गवाडीच्या नाहीतर आहुप्याच्या अंगाला, कोकणकड्यापासून थोडं आत, उघड्या कातळावर तुम्ही बसला आहात. पाऊस नुकताच उघडला आहे. नजर जाईल तिथवर झाड नाही. ही मोकळी जागा पाहिली की मनात पहिला विचार येतो: इथे झाडं लावायला हवीत. येऊ द्या तो विचार. त्याच्यामागे लगेच उठू मात्र नका. आधी खाली वाका.

कातळाच्या खोलगट भागात बोटभर माती साठली आहे आणि तिच्यावरून पाणी झिरपतं आहे. त्या मातीत गेंदाचे पांढरे तुरे दाटीनं उभे आहेत. त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं वर आली आहेत. या मातीत नत्र फार थोडं, म्हणून सीतेची आसवं जमिनीतल्या तंतूंवर बारीक फुगे धरतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत पकडून आपली गरज भागवतात. बाजूला दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपट्याच्या पानावर चिकट थेंब चमकतो आहे. त्यात एक चिलट अडकलं आहे. पुढचे आठ महिने हाच कातळ तापणार. इथली काही गवतं तेव्हा वाळून कोळ होतात, आणि पहिल्या पावसात तीच वाळलेली पानं पुन्हा हिरवी होतात.

हे सगळं इथे जगतं ते माती पातळ आहे, ऊन थेट आहे, खत नाही म्हणूनच. कातळ फोडून खड्डे घेतले, खालून माती आणून भरली, तर ज्यांचं घर मोडेल त्यांची नोंद आपल्या कुठल्याही रजिस्टरात नसेल. इंग्लंड-हॉलंडकडे हीथ नावाची खुरट्या झुडपांची माळरानं आहेत. ती राखण्यासाठी तिथले लोक आपोआप उगवलेले बर्च आणि पाइन काढून टाकतात आणि बेताची चराई मुद्दाम चालू ठेवतात. माळ राखायचा म्हणजे तिथे झाड वाढू द्यायचं नाही, हे त्यांच्या कामाचं पहिलं कलम आहे.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: माझ्या कागदावर ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या जागेत काय काय जगतं, हे मी ऐन पावसाळ्यात येऊन पाहिलं आहे का?

आता उठा आणि देवराईत चला. या पट्ट्यात ती फार लांब नसते. आत पाऊल टाकताच उजेड कमी होतो. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर आहे. हिरडा, जांभूळ, अंजन, आंबा यांची जुनी खोडं आहेत आणि त्यांना वेढून वर गेलेल्या गारंबीचे मनगटाएवढे वेल. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या. या राया का टिकल्या, हे त्यांनी अभ्यासकांच्या जगापुढे मांडलं. गावकऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं: देवाच्या रानातली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही.

तुमच्या कामाच्या दृष्टीनं या रानाकडे पाहा. या उंचीवर, एवढ्या पावसात, या मातीत माणसाचा हात आखडता राहिला तर काय वाढतं, याचा हा समोर उभा असलेला दाखला आहे. इथल्या झाडांची यादी करा. किती उंच झाडं, किती मधली, किती झुडपं, किती वेल, तेही लिहा. मग वर पाहा. शेकरू एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी घेतं आणि जमिनीवर क्वचितच उतरतं. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी राखण्यासाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे रान आंबेगाव आणि खेडमधून घाटाखाली रायगड-ठाण्यापर्यंत पसरलं आहे. शेकराला झाडांची संख्या कळत नाही. फांदीला फांदी लागते की नाही, एवढंच त्याला कळतं. मनात धरा: मी जिथे काम करतो तिथलं रान शेजारच्या रानाला कुठे जोडलं जाऊ शकेल?

देवराईतून बी घ्यावंसं वाटेल. आधी गावाला विचारा. ज्या नियमानं ते रान राखलं, तो आपल्या चांगल्या हेतूसाठी मोडला, तर पुढच्या माणसाच्या वाईट हेतूला वाट मोकळी होते.

आता उतारावर या. इथे पूर्वी रान होतं. आता करवंदीच्या जाळ्या आहेत, गुरांच्या वाटा आहेत, मधूनमधून तोडलेले खुंट आहेत. एका खुंटाजवळ बसा. कुऱ्हाडीचे घाव काळे पडले आहेत, आणि बुडातून सात-आठ धुमारे फुटले आहेत. काहींचे शेंडे शेळीनं खाल्ले आहेत. खाली मुळं जुनी आहेत आणि खोल गेली आहेत. रोपवाटिकेतल्या पिशवीतल्या रोपाला तिथवर पोचायला कित्येक वर्षं लागतील. चांगले दोन-तीन धुमारे ठेवून बाकीचे छाटले आणि दोन पावसाळे शेळ्या दूर ठेवल्या, तर हे झाड पुन्हा उभं राहतं. त्यासाठी खड्डा लागत नाही, पिशवी लागत नाही.

आता शेजारच्या करवंदीची फांदी जपून बाजूला करा. काटे लागतील. आत, बुडाशी, जांभळाचं वीतभर रोप आहे. बुलबुलानं किंवा उदमांजरानं बी टाकलं असेल. जाळीच्या सावलीत ओल टिकली आणि काट्यांमुळे गुराचं तोंड पोचलं नाही. रोपवनाची तयारी म्हणून आपण झाडोरा साफ करतो, तेव्हा पहिला कोयता याच जाळीवर पडतो. जे रोप फुकट आणि योग्य जागी उगवलं होतं ते तोडून, त्याच्या जागी विकत आणलेलं रोप आपण उन्हात उभं करतो.

या जाळीपाशी जास्त वेळ थांबा. या उतारावर अशा किती जाळ्या आहेत आणि त्यांच्या पोटात किती रोपं आहेत, हे मोजायला किती माणसं आणि किती दिवस लागतील, याचा हिशेब मनात करा. खड्डे खणण्याच्या खर्चाशी तो ताडून पाहा.

मग एक-एक करून अडथळे डोळ्यांसमोर आणा. पहिला वणवा. फाल्गुन-चैत्रात एका रात्रीत तो सगळी बाळरोपं संपवतो. त्याच्याविरुद्धचं काम हिवाळ्यातच करावं लागतं: जाळरेषा साफ करायची, आणि चांगल्या गवतासाठी कोण कधी काडी लावतं हे माहीत असलेल्या माणसांशी पारावर बसून बोलायचं. दुसरी घाणेरी. नुसती कापली तर दुप्पट फुटते. ती बुडाखालून, मुळाच्या गड्ड्यासकट, फळं पिकायच्या आत काढायची. पाखरं तिचं बी पुन्हा आणणार, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं त्याच जागी परत जायचं आणि मोकळ्या झालेल्या मातीत इथलंच गवत धरू द्यायचं. तिसरं गिरिपुष्प. लवकर हिरवं दिसावं म्हणून ते आपणच डोंगरावर आणलं. ते एका दमात तोडलं तर उघड्या जागेत रानमोडी घुसते. खाली देशी रोपं धरत जातील तसतसं ते टप्प्यानं विरळ करावं लागतं.

यापुढचा टप्पा जड आहे. श्वास संथ होऊ द्या. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्यांच्यासाठी थोडा वेळ काहीही न करता बसा. मग स्वतःच्या आराखड्यातल्या चरांच्या रेषा आठवा. सलग समतल चर माळावर पाणी मुरवतात. तीव्र उतारावर, खोल भुसभुशीत मातीच्या अंगावर मुरलेलं तेच पाणी मातीचं वजन वाढवतं आणि तिची पकड सैल करतं. एका जागी चांगलं ठरलेलं काम दुसऱ्या जागी डोळे झाकून नेऊ नये. खाली वस्ती असेल तर मुळीच नेऊ नये.

आता माणसांकडे या. उन्हाळ्यात इथला महादेव कोळी माणूस हिरड्यावर चढून कोवळी फळं उतरवतो. अंगणात वाळवलेला तो बाळहिरडा विकून घराला वर्षाची रोकड मिळते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं या पट्ट्यातल्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं, आणि एका दिवसात किती घरांचं उत्पन्न झाडावर अवलंबून आहे ते दिसलं. ज्याच्या घरात हिरड्याचा पैसा येतो, तो हिरड्याखाली आग जाऊ देत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपलं रान राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या बैठकीत ती माणसं कुठे बसतात? मजुरीच्या यादीत, की निर्णयाच्या टेबलाशी? उत्तर लगेच देऊ नका. मागच्या बैठकीत कोण किती बोललं ते आठवा.

शेवटी काळाकडे पाहा. निधी तीन वर्षांचा असतो. अंजनाचं खोड मांडीएवढं व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. आपण बदलून जाऊ, निवृत्त होऊ, संस्था दुसरीकडे जाईल. मागे राहील ती गावातली राखण आणि नीट ठेवलेली नोंद: कुठे काय केलं, कुठे काहीच केलं नाही, आणि का. कारण लिहिलेलं नसेल, तर आपण मुद्दाम मोकळा सोडलेला कातळ पुढचा अधिकारी राहून गेलेलं काम समजेल आणि तिथे खड्डे घेईल.

आता आराखड्याचा कागद काढा. रोपांच्या संख्येचा रकाना सध्या कोरा ठेवा. आधी लिहा: या जागी आपोआप काय उगवतं आहे. मग लिहा: त्याच्या आड काय येतं आहे आणि ते कोण, कोणत्या महिन्यात दूर करणार. मग, इथे काय करायचं नाही. मग, पाचव्या आणि दहाव्या वर्षी पाहायला कोण येणार. एवढं झाल्यावर ज्या जागी खुंट नाही, जाळी नाही, जवळ बी देणारं झाडही नाही, तेवढ्याच जागा रोपांसाठी मोजा. आकडा लहान येईल. वरिष्ठांना तो पटवावा लागेल, आणि ते सोपं नसेल. तरी तोच आकडा लिहा आणि सही करा.