दहा कनेक्शन आणि एक जिल्हा

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्धा जिल्ह्यातल्या सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर. कारंजा, आष्टी, समुद्रपूरच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीने तालुक्याला आलेली मुलं आणि त्या दिवसाची मजुरी सोडून सोबत आलेले वडील. अशा वेळी काउंटरमागून ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द आले की रांगेतलं कोणी वाद घालत नाही. पाऊस आला, वीज गेली, तसंच हेही, असं सगळे धरून चालतात.

या दोन शब्दांमागे पुष्कळ कारणं असू शकतात. त्यातलं एक मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात काहीच बंद पडलेलं नसतं. सर्व्हर चालू असतो, प्रोसेसर निवांत असतो, डेटाबेसला तर जवळपास कामच नसतं. तरीही एकही अर्ज पुढे सरकत नाही, कारण डेटाबेसपर्यंत जाणारी सगळी कनेक्शन कोणी ना कोणी धरून बसलेलं असतं.

डेटाबेसशी नवं कनेक्शन उघडणं महाग असतं. नेटवर्कवर हात मिळवायचा, पासवर्ड तपासायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. म्हणून जावाच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये काही कनेक्शन आधीच उघडून ठेवतात. काम आलं की त्यातलं एक घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. हा झाला कनेक्शन पूल. २०१८ साली आलेल्या स्प्रिंग बूट २ या जावाच्या फ्रेमवर्कपासून हिकारी-सीपी हा पूल आपोआप मिळतो आणि वेगळं काही सांगितलं नाही तर त्यात जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. समोर टॉमकॅट हा वेब सर्व्हर मात्र एका वेळी २०० थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामं, चालवायला तयार असतो. दोनशे मागणारे आणि दहा कनेक्शन, हे ऐकून दहा हा आकडाच चुकीचा वाटतो.

तो सहसा चुकीचा नसतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : एका वेळी किती जागा अडलेल्या असतील, तर सेकंदाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. सेकंदाला ५० अर्ज आले आणि प्रत्येकाने कनेक्शन २० मिलिसेकंद वापरलं, तर सरासरी एकच कनेक्शन व्यापलेलं राहतं. आता समजा, कोणी प्रोग्रामरने अर्ज नोंदवण्याच्या ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या एकसंध व्यवहाराच्या, आतच ओटीपीचा एसएमएस पाठवण्याचं काम घातलं आणि एसएमएस कंपनीचं उत्तर यायला २ सेकंद लागले. त्या दोन सेकंदांत डेटाबेसला काहीही विचारायचं नाही, तरी कनेक्शन हातात आहे. तेवढेच ५० अर्ज, पण आता १०० कनेक्शन लागतात. गर्दी एका माणसानेही वाढलेली नाही.

इथे पहिला हात जातो तो पूलच्या मर्यादेकडे. दहाचे शंभर करा, दोनशे करा. पण पोस्टग्रेस स्वतःहून १०० कनेक्शनच घेतो, आणि ती मर्यादा वाढवली तरी प्रोसेसरचे कोअर आणि डिस्क वाढत नाहीत. एकाच वेळी शेकडो जण काम मागू लागले की डेटाबेसचा वेळ या कामावरून त्या कामावर उड्या मारण्यात जातो. पूल लहान केल्यावर वेग वाढतो, हे अनेकांनी मोजून पाहिलेलं आहे. आणि कनेक्शन परतच होत नसतील, तर मोठा पूल भरायला थोडा अधिक वेळ लागतो एवढंच. रुग्णालयात स्ट्रेचर मिळत नाही तेव्हा नवीन विकत घेण्याआधी वॉर्डांच्या कोपऱ्यांत किती रिकामी पडून आहेत ते पाहावं, तसं हे आहे.

मोजमापाची ही विद्या टेलिफोनमधून आली. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने १९०९ पासून हाच प्रश्न सोडवला : सगळे एकाच क्षणी बोलत नाहीत, तर मग थोड्या तारांवर अनेकांचं कसं भागवायचं? सेवाग्राम आश्रमात याच्या उलट टोकाची गोष्ट पाहायला मिळते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी संपर्क राहावा म्हणून बसवून दिलेला टेलिफोन तिथे जपून ठेवला आहे. एका माणसासाठी एक तार. साम्राज्याला ते परवडत होतं. जिल्हाभरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक तार देणं कोणालाच परवडणारं नाही, आणि तशी गरजही नाही.

१९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आलेल्या गांधीजींच्या एकादश व्रतांत अपरिग्रह आहे. आज गरज नसलेली वस्तू धरून ठेवणं म्हणजे ती दुसऱ्याकडून काढून घेणंच, असा त्याचा धागा मला समजतो. हा विचार ऐकायला मोठा वाटतो. पूलमध्ये तो अगदी मिलिसेकंदांच्या हिशेबात खरा ठरतो. मात्र व्रत घेणाऱ्याला आपण काय धरून ठेवलं आहे हे ठाऊक असतं. प्रोग्रामरला ते दिसत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर तो एकटाच असतो. एखादं कनेक्शन परत करायचं राहिलं तरी नऊ उरतात आणि चाचणी पास होते. चटका बसतो तो निकालानंतरच्या गर्दीत, अकराव्या माणसाला.

यापुढची गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. कनेक्शन मिळालं नाही की लॉगमध्ये चूक नोंदवली जाते; पण त्या नोंदीत नाव असतं ते ताटकळलेल्या थ्रेडचं. ज्याने कनेक्शन धरून ठेवलं त्याच्याबद्दल अवाक्षर नसतं. मग त्या थ्रेडमधला दाखला शोधण्याचा निर्दोष कोड उकलत दिवस जातो आणि खरा दोष दुसऱ्याच फाइलमध्ये, कधी तरी घडणाऱ्या अपवादाच्या वाटेवर, क्लोज न केलेल्या एका ओळीत बसलेला असतो. तक्रार करणाऱ्याचीच चौकशी करण्याची ही सवय यंत्राने कुठून उचलली हे वेगळं सांगायला नको.

म्हणून शोध उलट्या बाजूने घ्यावा लागतो. जेस्टॅक या साधनाने थ्रेड डंप, म्हणजे सगळ्या थ्रेडची त्या क्षणाची स्थिती, काढून कोण वाट पाहतंय यापेक्षा बाकीचे काय करताहेत ते पाहायचं. पोस्टग्रेसला विचारायचं, की ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं कोण बसलं आहे. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी स्पष्ट नोंद तो दाखवतो. हिकारीत गळती ओळखण्याची सोय आहे : ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ कनेक्शन बाहेर राहिलं, की ते कोडच्या कोणत्या ओळीने घेतलं होतं हे लॉगमध्ये उमटतं. ही सोय मुळात बंद असते. ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. २०११ च्या जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. त्यात अपवाद घडला तरी कनेक्शन परत जातं. एसएमएस, पीडीएफ, बाहेरच्या खात्याची पडताळणी हे सगळं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढता येतं.

एवढं करूनही एखाद्या दिवशी मागणी खरोखरच जास्त असेल. त्या दिवसासाठी हिकारीतली वाट पाहण्याची मूळ मुदत ३० सेकंद आहे. केंद्रचालक तेवढा वेळ फिरतं चक्र बघत नाही. तो पुन्हा बटण दाबतो आणि रांगेत आणखी एक मागणी उभी राहते. ती मुदत चार-पाच सेकंदांवर आणावी, भरलेला मजकूर केंद्राच्या संगणकावरच जपून ठेवावा, आणि पडद्यावर मराठीत लिहावं की गर्दी आहे, अर्ज पाठवायचा राहिला आहे, दहा मिनिटांनी हेच बटण पुन्हा दाबा.