कळवळ्याची चाल

ऊसतोड कामगारांवर कुणी रॅप केला की 'बीडचा आवाज' म्हणून त्याचं कौतुक सुरू होतं. शब्दांत आगाऊ घेतलेली उचल आहे का, टोळीचा मुकादम आहे का, उसाच्या फडावरची बाई आहे का, एवढं तपासलं की समीक्षा संपते. गाणं वाजतं कसं, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'आशय महत्त्वाचा, बाकी शहरी चोचले' हे उत्तर ठरलेलं. प्रयोग म्हणजे परदेशी नक्कल, असं मानणाऱ्यांना अंबाजोगाईच्या दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी दाखवावी आणि पुढे जावं. आशयवाद्यांना मात्र इतक्या सहज सोडता येत नाही, कारण ते आपल्याच बाजूचे आहेत.

१९७९ साली लीड्सच्या 'गँग ऑफ फोर' या पोस्ट-पंक बँडचा 'एंटरटेनमेंट!' हा अल्बम आला. त्यांचं राजकारण डावं होतं, हे खरं. पण चिडून गाणारे पंक बँड तेव्हा पुष्कळ होते. इथे अँडी गिलची गिटार गाणं भरून काढत नाही. कोरडे, तुटक ओरखडे काढते आणि मध्येच गप्प बसते. खाली बास आणि ड्रम्स नाचायला लावतात, वर शब्द प्रेमाचाही बाजार कसा होतो ते सांगतात. पाय थिरकत असताना मन अवघडतं. आशय त्या अवघडण्यात आहे. तेच शब्द गोड चालीत बसवले, तर हाती एक तक्रार उरते.

हे विलायतेलाच शोभतं, असंही नाही. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचं वैभव लावणीत गायलं. अण्णा भाऊ साठ्यांनी तोच साचा घेऊन त्याच शहराची दुसरी बाजू मांडली. तमाशाच्या सुरुवातीच्या गणातला गणपतीही त्यांनी बाजूला सारला. नुसते शब्द बदलून भागलं असतं, तर एवढी उठाठेव त्यांनी कशाला केली असती? २०१९ मध्ये मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटाच्या 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात आरेच्या केलटीपाड्यातले आदिवासी गायक प्रकाश भोईर गातात, तेव्हा रॅपलाच त्यांच्या आवाजाशी जुळवून घ्यावं लागतं.

अशा संगीताला शहर लागतं, हे मान्य. स्वस्त खोल्या लागतात, गोंगाट सोसणारे शेजारी लागतात. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, पण त्या जमिनींवर तालमीच्या खोल्यांऐवजी मॉल उभे राहिले. बीडला तर गिरणगावही नव्हतं. म्हणून इथे प्रयोग अवघड आहे. अनावश्यक आहे, असं मात्र त्यातून निघत नाही.

मला फरक करायचा आहे तो कळवळा आणणारं गाणं आणि श्रोत्याला अडवणारं गाणं यांत. पहिल्यात दुःख फडावर राहतं आणि ऐकणारा खुर्चीत. डोळे पुसून तो चहा घेतो, आणि त्या चहात साखर असते. दुसरं गाणं त्याला ठेक्यावर मान डोलवू देतं आणि मग आपण नेमकी कशाला मान डोलावली, हा प्रश्न त्याच्या गळ्यात घालतं. शब्दांचं मोल मी कमी करत नाही. पण कोयत्याची व्यथा आता सगळ्यांना पाठ आहे आणि उचल अजून फिटत नाही. बीडमधून उद्या बँड निघालाच, तर आधी चाल बिघडवण्याची हिंमत त्याने दाखवावी.