साक्षीदाराची शिक्षा

अप्रिय वार्ता देणाऱ्याशीं मनुष्यानें कसें वागावें, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचें एक उत्तर परवां आम्हांस मोटार-दुरुस्तीच्या गॅरेजांत मिळालें.

आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. मेकॅनिकनें स्कॅनर जोडला. त्यावर 'पी ०१७१' हा कोड उमटला. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली ही स्वयंतपासणीची पद्धति आतां आपल्याकडेही रूढ आहे. ह्या कोडाचा अर्थ एवढाच कीं, पेट्रोलच्या मानानें हवा अधिक पडत आहे. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें योग्य प्रमाण. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळींतील ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला प्राणवायु पाहून वर्दी देतो. इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवून तूट भरून काढूं पाहतो. आणि ही भर मर्यादेबाहेर गेली म्हणजे कोड नोंदवून दिवा लावतो.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सेन्सर बदलून टाकूं. नाहीं तर नुसता कोड उडवून देतों, दिवा जाईल." दोन्ही उपाय आम्हांस पटले होते. परंतु गॅरेजांतील वृद्ध मिस्त्रींनीं त्यास थांबविलें. इंजिन बंद ठेवून त्यांनीं हवेच्या मार्गांत धूर सोडला. हवा मोजणारा सेन्सर आणि इंजिन यांच्यामधील रबरी पाइपाच्या वळींतून धुराची बारीक रेघ वर आली. तेथें भेग होती. तींतून न मोजलेली हवा आंत शिरत होती. पाइप बदलला, मग कोड पुसला. तो पुन्हां उमटला नाहीं.

ऑक्सिजन सेन्सरनें सत्य तेंच सांगितलें होतें आणि त्यालाच आम्ही फेकून देण्यास निघालों होतों! नवा सेन्सर आणला असता, तरी त्यानेंही तीच साक्ष दिली असती. साक्षीदार कधींच चुकत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. सेन्सर निकामी होतो. त्याच्या अलीकडे नळी गळत असली तर तोही फसतो. म्हणून त्याचें सांगणें हा निवाडा मानूं नये; पण अपराधही मानूं नये. तो तपासाचा आरंभ होय. दोष शोधण्यापूर्वीं कोड पुसणें आणि दोष काढल्यानंतर पुसणें, या एकाच कृतींत लबाडी व प्रामाणिकपणा एवढें अंतर आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत उभें राहून सांगितलें, "सर, आपलें शिकवणें आम्हांला समजत नाहीं." आम्हीं त्यास उद्धट ठरवून खालीं बसविलें. त्या वर्षीं त्या वर्गांत पुन्हां कोणीं हात वर केला नाहीं. त्या शांततेलाच आम्ही आमच्या अध्यापनाचें यश समजत होतों; ती समजूत निघून जाण्यास एक फुटका पाइप कारण झाला.