काटक्यांची मोळी



आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही, पण खारे पाणी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील कित्येक गावे अशी आहेत की विहीर खणावी, पाणी लागावे आणि ते तोंडात घेववू नये. शेताला द्यावे तर जमीन खराब होते. आपल्या आयाबायांनी गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी किती पायपीट केली, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. खारे पाणी म्हणजे नशिबाचा भोग, एवढेच आपण शिकलो.

म्हणून गेल्या जानेवारीत आपल्या धर्मग्रामातील आम्ही तेवीसजण धारावी बेटावर गेलो, तेव्हा पहिले नवल हे वाटले की तेथील माणसे खाऱ्या पाण्यावरच जगतात. (धारावी म्हटल्यावर आमच्यातील एका काकूंनी, “त्या झोपडपट्टीत कशाला जायचं?” असे विचारले होते. ती धारावी वेगळी. हे बेट मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या अलीकडे आहे.) रात्रीच्या गाडीने अकोल्याहून निघून आम्ही सकाळी दादरला उतरलो, तेथून लोकलने भाईंदर आणि पुढे बस. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे पडत गेली. वाटेत मिठागरे, तिवरांची झाडी, मग डोंगरीची चढण, ताडमाडांची आणि आंब्यांची दाटी, आणि एका वळणावर एकदम पुढे समुद्र. आमच्या बसमधील पोरे ओरडलीच. खरे सांगायचे तर मोठी माणसेही ओरडली.

उत्तन, चौक, पाली, डोंगरी, गोराई, मनोरी ही त्या बेटावरची जुनी गावे. बहुतेक वस्ती कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची, आणि त्यातील पुष्कळ कुटुंबे चारशे वर्षांहून अधिक काळ कॅथलिक. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हापासूनचा हा इतिहास. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत आधी धारावीचा किल्ला आणि मग वसई मराठ्यांनी घेतली. राज्य गेले, परदेशी धर्मगुरू गेले. श्रद्धा राहिली, कारण ती सांभाळणारे धर्मगुरू देशी होते आणि माणसे तर त्याच मातीतली होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो. “तुमचा धर्म साहेबाचा” असे आपल्याला बाजारात कोणी म्हणाले की आपण गप्प बसतो. उत्तनची कोळीण नऊवारी नेसून, डोक्यावर पाटी घेऊन, गळ्यातल्या क्रुसासह मासळीबाजारात बसते. तिला असे कोणी म्हणून पाहावे!

आता मूळ गोष्ट. आम्ही राहण्याची सोय आधी पत्र पाठवून केली होती, पण तारीख लिहिताना आमच्याच हातून चूक झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा तेथे दुसरे पाहुणे उतरलेले होते. संध्याकाळ झालेली, पिशव्या, तीन म्हातारी माणसे, पाच मुले आणि अकोल्याच्या सवयीने “समुद्राकाठी कसली थंडी” म्हणून स्वेटर न आणलेले आम्ही. रस्त्याकडेच्या एका क्रुसापाशी आम्ही उभे राहिलो आणि कोणाची चूक यावर हळू आवाजात भांडू लागलो. जपमाळ करावी असे कोणाला सुचले नाही, हेही कबूल करतो.

समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. त्यांची मराठी आम्हाला निम्मी कळली, आमची वऱ्हाडी त्यांना निम्मी. तुम्ही कोण, कुठल्या धर्मग्रामाचे, फादरांचे पत्र आणले आहे काय, यातले काहीच त्यांनी विचारले नाही. जेवलात का, एवढेच विचारले. पुढे अर्ध्या तासात त्या आळीतल्या चार घरांत तेवीस माणसांची विभागणी झाली. चुलीवर पाणी तापले, तांदळाच्या भाकरी झाल्या, सुक्या बोंबलाची चटणी झाली. आमच्यातल्या ज्यांनी जन्मात कधी बोंबील हातात धरला नव्हता, त्यांनी दोनदा मागून घेतली.

सकाळी आमच्या हिशेबनीसांनी पाकिटात पैसे घालून पुढे केले. बाईंनी हात मागे घेतला. थोडे रागावल्यासारखेही दिसल्या. मग म्हणाल्या, एवढेच वाटत असेल तर चला, बोंबील वाळत घालायला माणसे कमी आहेत. आणि आम्ही, शाळेतले निवृत्त मास्तर, बँकेतले बाबू, दोन नर्सबाई, सगळे त्या बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांपाशी उभे राहून बोंबलांच्या जोड्या अडकवीत दोन तास होतो. वास दोन दिवस हाताला होता. परंतु त्या दोन तासांत आम्ही जेवढे हसलो तेवढे सगळ्या सहलीत हसलो नाही, कारण आता आम्ही त्यांचे नुसते पाहुणे नव्हतो.

गाडीत परतताना आम्ही प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा अध्याय काढून वाचला. संत लूकने तो भाग “आम्ही” म्हणून लिहिला आहे. म्हणजे तोही त्या जहाजावर होता. संत पौल कैदी. कैसराकडे न्याय मागितला म्हणून त्याला रोमला नेत आहेत. जहाज सायप्रसच्या आडोशाने, मग क्रेतेच्या काठाने जाते आणि तेथून वादळात सापडते. चौदा दिवस धड ऊन नाही, तारा नाही, पोटात अन्न नाही. जहाजावर २७६ माणसे. शेवटी जहाज वाळूत रुतून फुटते. कैदी पळून जातील म्हणून शिपाई त्यांना मारायला निघतात, शताधिपती त्यांना थांबवतो. पोहता येणारे पोहून, बाकीचे फळ्यांवर, असे सगळेच्या सगळे काठाला लागतात. ते बेट माल्टा.

लूक तेथील रहिवाशांसाठी जो ग्रीक शब्द वापरतो तो “बार्बारोय” असा आहे. ज्यांची बोली आपल्याला कळत नाही अशी माणसे, हा त्याचा अर्थ. त्या न कळणाऱ्या बोलीच्या लोकांनी पाऊस आणि थंडी पाहून प्रथम काय केले? विस्तव पेटवला. लूकला त्यांच्या ह्या माणुसकीचे इतके अप्रूप वाटले की ती नेहमीची साधी माणुसकी नव्हती असे त्याने मुद्दाम नोंदवले. भिजलेल्या त्या गर्दीत कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. कोण गुन्हेगार, कोण सज्जन, हे पाहून विस्तवाजवळ जागा दिली गेली नाही.

पुढे सापाची गोष्ट येते आणि आपण सगळे तीच लक्षात ठेवतो. पौलाच्या हाताला साप डसतो, त्याने तो विस्तवात झटकला, त्याला काही झाले नाही. आज माल्टात माणसाला धोका होईल असे विषारी साप नाहीत आणि तेथील भाविक त्याचे श्रेय पौलाला देतात. पण साप निघाला कुठून? काटक्यांच्या मोळीतून. आणि मोळी गोळा केली कोणी? पौलाने. चौदा दिवस उपाशी, भिजलेला, वय झालेला हा माणूस, ज्याने आधी देवदूताचे दर्शन सांगून सगळ्यांना धीर दिला होता, तो विस्तवाजवळ बसून उपदेश करीत नाही. उठून काटक्या वेचायला जातो. आम्ही हे वाक्य गाडीत दोनदा वाचले. वाचणाऱ्या मास्तरांच्या हाताला अजून बोंबलांचा वास येत होता.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माल्टात पौल तीन महिने राहिला, बेटाचा प्रमुख पुब्लिय याच्या घरी त्या मंडळींचा तीन दिवस पाहुणचार झाला, पौलाने त्याच्या आजारी वडिलांवर हात ठेवून प्रार्थना केली व ते बरे झाले, इतर रोगीही आले. पण त्या दहा ओव्यांत पौलाने प्रवचन केले किंवा कोणाला बाप्तिस्मा दिला, असा शब्दही लूक लिहीत नाही. पुब्लिय हे पुढे माल्टाचे पहिले बिशप झाले, असे तेथील परंपरा सांगते. दरवर्षी १० फेब्रुवारीला माल्टात पौलाच्या त्या जहाजफुटीचा सण होतो. पोप बेनेडिक्ट सोळावे २०१० मध्ये आणि दिवंगत पोप फ्रान्सिस २०२२ मध्ये तेथे गेले, पौलाच्या नावाच्या गुहेत फ्रान्सिस यांनी प्रार्थना केली आणि त्याच भेटीत समुद्र ओलांडून आलेल्या निर्वासितांनाही ते भेटले. २०१३ मध्ये लाम्पेदुसा बेटावर जाऊन त्यांनीच बुडालेल्यांसाठी समुद्रात पुष्पचक्र सोडले होते. तोच भूमध्य समुद्र; अजूनही त्यात होड्या फुटतात. सगळ्याच काठांवर विस्तव पेटतो असे नाही.

हे इतके लांबचे बोलून थांबता आले असते. परंतु गाडीत बडनेऱ्याच्या एका बहिणीने मध्येच विचारले, “आपल्या मागच्या दारापाशी उभे राहायचे ते लोक आठवतात का?” डबा एकदम शांत झाला.

आठवत होते. त्याच्या आदल्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडहून बांधकामावर आलेले एक उरांव कुटुंब रविवारी मिस्साला येऊ लागले होते. नवराबायको, दोन मुले, एक म्हातारी. ती म्हातारी पायताण बाहेर काढून यायची. मराठी त्यांना येत नव्हती. पण आपण गुडघे टेकले की ती टेकत, क्रुसाची खूण बरोबर करत. सात की आठ रविवार ती माणसे मागच्या दारापाशी उभी राहिली. बाकांवर जागा होती. मिस्सा संपली की आम्ही नेहमीच्या घोळक्यांत गप्पा मारत असू आणि ती पाच माणसे त्या घोळक्यांच्या कडेने निघून जात. त्यांची बोली आम्हाला कळत नव्हती, असे आम्ही स्वतःला सांगत असू. त्या कोळीण बाईंना तरी आमची कुठे कळली होती?

मग ती यायची बंद झाली. परतल्यावर आमच्यापैकी दोघेजण त्या बांधकामावर गेले. मुकादमाने सांगितले की काम संपले, टोळी पुढे वाशीमकडे गेली. कुठल्या गावी, ते त्याला ठाऊक नव्हते. त्याने नावे विचारली, म्हणजे शोधून सांगतो म्हणाला. आमच्याजवळ सांगायला एकही नाव नव्हते. धाकट्या मुलाच्या अंगात निळा स्वेटर असायचा, एवढे एकाने सांगितले.

ह्या रविवारपासून नऊच्या मिस्सानंतर मागच्या दारापाशी चहा ठेवला जाईल. अळीपाळीने दोन कुटुंबांनी तेथे थांबायचे आहे. पहिल्या महिन्याची नावे सूचनाफलकावर लावली आहेत. जिनिंगमध्ये, बांधकामावर किंवा दवाखान्यात बाहेरगावचे कोणी कॅथलिक कुटुंब दिसले तर त्यांचे नाव आणि राहण्याचे ठिकाण कृपया विचारून ठेवावे. सतरंज्या आहेत. जास्तीचे पेले आपल्या महिला मंडळाने शुक्रवारीच आणून ठेवले.