विक्रेत्याचें मौन

खोटें न बोलतांही मनुष्य दुसऱ्यास फसवूं शकतो काय? हा प्रश्न आमच्यापुढें एका जुन्या मोटारीच्या निमित्तानें उभा राहिला. आम्हीं ती एका विक्रेत्याकडून घेतली आणि पंधरा दिवसांतच ती घाटांत तापून बंद पडली. इंजिनाचें हेड पूर्वींच तडकलेलें असून वरवर सांधलेलें आहे, असें मिस्त्रीनें दाखविलें. आम्हीं पैसे परत मागतांच विक्रेता शांतपणें म्हणाला, "साहेब, गाडी आपण पाहून घेतलीत. मी खोटें काय बोललों?"

हा वाद जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत तो मांडला आहे. घराचे दोष विकणारास ठाऊक आहेत, घेणारास नाहींत; ते सांगावे काय? सांगितलेच पाहिजेत, असें अँटिपेटर म्हणतो. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे, असें त्याचा गुरु बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो. सिसेरो शिष्याच्या बाजूनें कौल देतो. आमच्याकडील १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचा सामान्य नियम मात्र, कांहीं अपवाद सोडल्यास, ग्राहकानें माल पारखून घ्यावा असाच आहे. १९८६ च्या व त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष मालाचे पैसे परत मागण्याची वाट दिली. या मौनाचा भुर्दंड प्रामाणिक माणसावरही पडतो. अर्थशास्त्रज्ञ अकेरलॉफ यानें १९७० सालीं जुन्या मोटारींचेंच उदाहरण घेऊन दाखविलें कीं, दोष केवळ विकणारासच ठाऊक असले म्हणजे ग्राहक सर्वच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारांतून निघून जातात.

एवढी सिद्धता करून आम्ही नोटीस लिहावयास बसलों, तों घरांतून प्रश्न आला, "अहो, आपली जुनी गाडी त्यालाच दिलीत, तेव्हां तिचा गिअर अडतो हें त्याला सांगितलें होतें का?"

आम्हीं सांगितलें नव्हतें. तो धंद्यांतला माणूस, त्यानें पाहून घ्यावें, असें आम्हीं मनाशीं म्हटलें होतें. त्याच्या पदरीं मिस्त्री होते, आमच्या नव्हते, हा भेद खरा. पण तेवढ्यानें आमचें मौन निर्दोष ठरत नाहीं.

आम्हीं नोटिशींत गिअरची गोष्ट प्रथम लिहिली. विक्रेत्यानें दुरुस्तीचा खर्च वजा करून बाकीचे पैसे परत केले. परतीचें कारण आम्हीं पावतीवर लिहून घेतलें. मोटार पुन्हा त्याच्या दुकानांत उभी आहे. पुढच्या गिऱ्हाइकास तें कारण कोण सांगणार, ही रुखरुख मात्र राहिली आहे.