दुसऱ्याची फिर्याद

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. तरीही स्वतःच्या हक्कासाठीं ती चढणाऱ्यास आपण फार दोष देत नाहीं. आपला तिरस्कार राखून ठेविलेला असतो तो दुसऱ्याच्या भांडणावर पोट भरणाऱ्यासाठीं. कापसाची वा धान्याची दलाली करणारा गृहस्थ समाजांत मानानें वावरतो. 'कज्जेदलाल' ही मात्र उघड शिवी आहे. माल बदलल्याबरोबर धंदा निंद्य कां व्हावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

इंग्रजी कायद्यानें या निंदेला गुन्ह्याचें रूप दिलें होतें. वादीला पैसा पुरवावयाचा आणि दावा जिंकल्यास मिळालेल्या मिळकतींत वाटा घ्यावयाचा, या व्यवहारास तेथें 'चॅम्पर्टी' म्हणत. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ शेताची वांटणी. राजाच्या अधिकाऱ्यांनीं असले सौदे करूं नयेत, असा निर्बंध १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यांत आढळतो. कारण उघड होतें. एखाद्या सरदारानें कोणाचा लंगडा दावा विकत घ्यावा आणि हत्यारबंद माणसें घेऊन न्यायासनासमोर उभें राहावें, म्हणजे लंगडा दावाही धांवूं लागे. बेंथॅमनें १७८७ सालीं व्याजबट्ट्याची बाजू घेऊन जें पुस्तक लिहिलें, त्यांत त्यानें विचारिलें कीं, सरदारांच्या तलवारींस आतां कोणता न्यायाधीश भितो? भीति गेली, मग मनाई कशाला? हें म्हणणें इंग्लंडला पटावयास १९६७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं चॅम्पर्टी हा गुन्हा उरला नाहीं. असला करार सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द ठरविण्याची सोय मात्र त्यांनीं ठेविलीच. इंग्रज जुनी वस्तु टाकतो, ती माळ्यावर.

आपल्या देशांत प्रिव्ही कौन्सिलनें ही वाट १८७६ मध्येंच मोकळी केली. बंगालमधील तें प्रकरण बोधप्रद आहे. मॅक्वीन दांपत्यानें एका जमिनीसाठीं कुंडू यांच्यावर फिर्याद केली. पैसा मुखर्जी नांवाच्या गृहस्थांनीं पुरविला. फिर्याद बुडाली, तेव्हां कुंडूंनीं आपला खर्च मुखर्जींकडून मागितला. निकाल असा झाला कीं, चॅम्पर्टीचा इंग्रजी कायदा येथें लागू नाहीं. न्याय्य अटींवर पैसा पुरवून वाटा घेण्यांत मुळांतच कांहीं गैर नाहीं. मात्र अटी पिळवणुकीच्या असतील, किंवा हेतु प्रतिपक्षास छळण्याचा असेल, तर असा करार कोर्ट मानणार नाहीं. मुखर्जी सुटले.

हें तत्त्व मला योग्य वाटतें. एखाद्या विधवेची जमीन दीर बळकावून बसला आहे अशी कल्पना करा. कोर्ट-फी, वकील, तारखांच्या खेपा, यांतलें कांहींच तिला झेपणारें नाहीं. सावकार म्हणतो, खर्च माझा, मिळाली तर अर्धी जमीन माझी. या सावकारास नीतीच्या नांवानें हांकून दिलें, तर बाईच्या पदरीं नीति पडते आणि जमीन दिराकडे राहते.

तरीही आपल्या कायद्यानें दुसरें एक दार बंद ठेविलें आहे. मिळकत-हस्तांतराच्या १८८२ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें नुसता दावा करण्याचा हक्क कोणास विकतां येत नाहीं. जमीन विकतां येते, येणें असलेलें कर्जही विकतां येतें; पण कोणी माझी अब्रू घेतली वा मला मारहाण केली, तर त्याची भरपाई मागण्याचा हक्क मला बाजारांत मांडतां येत नाहीं. दाव्यांचा सट्टा होऊं नये म्हणून ही मनाई, असें कायदेपंडित सांगतात. माझ्या मतें कारण याहून खोल आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातीं दोन गोष्टी असतात, भरपाई मागणें आणि क्षमा करणें. पहिली विकली कीं दुसरीही जाते. पण घेणाऱ्याच्या हातीं ती पोंचत नाहीं. तो सूट देईल, हप्ते बांधून देईल. क्षमा करणें त्याला शक्य नाहीं, कारण त्याला कांहीं लागलेलेंच नसतें. अपराधी पश्चात्ताप पावून दारीं आला, तरी तेथें हिशेबाची वही घेऊन कोणी परकाच बसलेला असतो.

या परक्याला आंवरण्याचा एक उपाय फार जुना आहे. रोमन सम्राट अनास्तासियस यानें ५०६ सालीं असें ठरविलें कीं, दुसऱ्याचें घेणें विकत घेणाऱ्यानें स्वतः दिलेली किंमत आणि व्याज यांहून अधिक ऋणकोकडून मागूं नये. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेंत वादग्रस्त हक्कांपुरता हाच नियम आला. आपल्या १८८२ च्या कायद्यांतही तो १३५ व्या कलमांत कांहीं अपवादांसह होता, पण १९०० सालीं काढण्यांत आला. तो गेल्याचें मला फारसें दुःख नाहीं. नफाच नसेल तर धोका कोण पत्करील? त्या विधवेच्या दारीं सावकार फिरकलाच नसता.

वकिलांची गोष्ट निराळी. निकालावर फी ठरविणें हें वकिलाचें गैरवर्तन होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं सांगितलें. इतरांनीं पैसा पुरविण्यास मनाई दिसत नाहीं, असें त्यानेंच २०१८ सालीं म्हटलें. महाराष्ट्रांत तर दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांनीं, वाट्याच्या बोलीवर पैसा पुरविणाऱ्यास त्याच्या संमतीनें वादी करून घेतां येतें आणि प्रतिवादीच्या खर्चाबद्दल जामीन मागतां येतो. मुखर्जी आज येथें असते, तर इतक्या सहजीं सुटले नसते.

राहतां राहिली तडजोड. दावा अर्ध्यावर आला असतां दीर ओटीवर येऊन बसतो आणि म्हणतो, "वहिनी, विहिरीकडचा तुकडा घ्या, आपण हें मिटवूं." बाईच्या मनांत आहे; पण तुझ्या एकटीच्या संमतीनें तडजोड होणार नाहीं, असें करारांत सावकारानें लिहून घेतलेलें आहे. पूर्ण जमीन जिंकण्यांत त्याचा फायदा. घर पुन्हां एक होण्यांत त्याचा वाटा नाहीं. असलें कलम कोर्टानें जुमानूं नये, असें माझें मत आहे. घातलेला पैसा आणि पत्करलेल्या धोक्याबद्दल वाजवी मोबदला सावकारास त्या तुकड्यांतून खुशाल मिळावा. दिराला "हो" म्हणण्याचा अधिकार मात्र बाईकडेच राहावा.