'सिद्ध झाले नाही' आणि 'नाही असे सिद्ध झाले'

काही वर्षांपूर्वी एका रविवारी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर प्रवचन करताना आम्ही एका मानसशास्त्रीय प्रयोगाचा हवाला दिला. 'धर्मसेवक होऊ घातलेल्या तरुणांवरदेखील या दाखल्याचा काडीमात्र परिणाम होत नाही, हे शास्त्राने सिद्ध केले आहे,' असे आम्ही ठासून सांगितले. श्रोते अंतर्मुख झाले, प्रवचन रंगले. पुढे त्या प्रयोगाची मूळ आकडेवारी आमच्या पाहण्यात आली आणि ध्यानी आले की, शास्त्राने तसे काहीच सिद्ध केले नव्हते. खोटे बोलण्याचा आमचा हेतू नव्हता. परंतु वेदीवरून आम्ही जे बोललो ते सत्य नव्हते. हे कसे घडले, याचा विचार वाचकांबरोबर करावा असे वाटते.

जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या ईशज्ञान विद्यालयातील विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करावयास सांगण्यात आले. काहींचा विषय होता शोमरोन्याचा दाखला. इतरांचा, पदवीनंतरच्या नोकऱ्या. काहींना उशीर झाल्याचे बजावले, तर काहींना पुष्कळ अवधी असल्याचे सांगितले. वाटेत एक मनुष्य कण्हत, खोकत पडलेला होता. चाळीस जणांपैकी सोळा जणांनी त्याला मदत केली. अतिशय घाईत असलेल्या दहांपैकी एकच थांबला. मध्यम घाईतील बावीसांपैकी दहा. निवांत असलेल्या आठांपैकी पाच. दाखल्यावर बोलावयास निघालेल्या एकोणिसांपैकी दहा जण थांबले, तर दुसऱ्या विषयाच्या एकवीसांपैकी सहा.

वाचक म्हणतील, दहा आणि सहा यांत तफावत तर दिसतेच! येथेच संख्याशास्त्राचा न्याय समजून घ्यावा लागतो. संशोधक आरंभी 'शून्य गृहीतक' मांडतो: दाखल्याचा काही परिणाम नाही असे धरून चालू. मग तो विचारतो, तसे असते तर एवढी किंवा याहून मोठी तफावत निव्वळ योगायोगाने शंभरात किती वेळा पडली असती? पाचांहून कमी वेळा पडणार असेल तर तो गृहीतक फेटाळतो आणि तफावत 'लक्षणीय' ठरवतो. ही पाचाची मर्यादा रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या १९२५ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. ती निसर्गाने आखलेली नव्हे. माणसांनी सोयीसाठी मानलेली रेघ आहे.

प्रिन्स्टनच्या प्रयोगात घाईमुळे पडलेली तफावत या कसोटीस उतरली; दाखल्यामुळे पडलेली उतरली नाही. परंतु कसोटीस न उतरणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे. न्यायालय संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडते, तेव्हा त्याने गुन्हा केलाच नाही असे काही सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा पडला एवढेच ठरते. चाळीस माणसांचा प्रयोग हे मोठ्या छिद्रांचे जाळे आहे. त्यातून लहान मासळी निसटली म्हणून समुद्रात ती नाहीच, असे कोणताही शहाणा कोळी म्हणणार नाही. १९७५ साली अँथनी ग्रीनवाल्ड यांनी याच आकड्यांची फेरतपासणी करून 'परिणाम नाही' या निष्कर्षाला हरकत घेतली होती. आम्ही मात्र निष्कर्ष तेवढा उचलला, हरकत वाचलीच नाही.

उलट दिशेनेही हीच चूक होते. २०११ साली जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन व युरी सायमनसन यांनी मुद्दाम एक विपरीत निष्कर्ष काढून दाखवला: बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने श्रोत्यांचे वय सुमारे दीड वर्षाने घटते! आकडे खरे होते, गणित चोख होते. मात्र अनेक गोष्टी मोजून सोयीच्या तेवढ्याच सांगितल्या होत्या. २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष लक्षणीय होते. पुनरावृत्तीत मात्र ते ३६ टक्क्यांवर आले. अर्थात, उरलेले सारे खोटे ठरले असे म्हणणे म्हणजे पुन्हा आमचीच चूक करणे होय.

हा प्रश्न केवळ गणिताचा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. योगायोगाने अशी तफावत पडण्याची शक्यता किती, एवढेच ती कसोटी सांगते. आपले म्हणणे खरे असण्याची शक्यता किती, हे ती सांगत नाही. अमेरिकन संख्याशास्त्रीय संघटनेने २०१६ साली हे जाहीर निवेदनाद्वारे बजावले. तरीही आपण तिच्या मुखी आपल्याला हवे ते वाक्य घालतो, कारण 'ठाऊक नाही' असे म्हणणे अभिमानाला बोचते. ज्ञानाची मर्यादा लपवणे हा सत्याविरुद्धचा अपराधच आहे, मग तो प्रयोगशाळेत घडो वा प्रवचनात.

आणि दैनंदिन जीवनात तरी आपण काय करतो? एखादा मनुष्य तोच दोष घेऊन वारंवार प्रायश्चित्तास येतो आणि आम्ही मनात म्हणतो, याच्यावर उपदेशाचा परिणाम होत नाही. उपदेश नसता तर तो कोठवर घसरला असता, हे आम्ही कोठे मोजले आहे?

तीन वर्षांनी तेच शुभवर्तमान रविवारच्या वाचनात पुन्हा आले. आम्ही श्रोत्यांसमोर आपली चूक कबूल केली. घाईत असलेली माणसे कमी थांबली, एवढे त्या प्रयोगात दिसले. दाखला माणसाच्या अंतःकरणात काय करतो, हे त्या चाळीस जणांवरून ठरवता आले नाही, असे सांगितले. मिस्सेनंतर एक वृद्ध गृहस्थ भेटले आणि म्हणाले, "फादर, तेव्हा तुम्हीसुद्धा घाईतच होता." आम्हांस उत्तर सुचले नाही.